पत्र पोस्टातच थांबवून ठेवायचं आणि आपण जाऊन घ्यायचं, हे नेमकं कसं करायचं

लॉजचा पत्ता टपालासाठी कुणालाही देऊ नका, हे आधी सांगते. मी अकरा वर्षं सर्व्हेच्या कामात होते, दीड-दोन महिने एका तालुक्यात मग पुढच्या, राहणं लॉजवर नाहीतर कुणाच्या तरी माडीवरच्या खोलीत, आणि पहिल्याच वर्षी माझं परीक्षेचं कॉल लेटर लॉजच्या काउंटरवर येऊन पडलं, मॅनेजर नवीन होता, त्याने ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि माझ्या हातात आलं ते परीक्षा होऊन नऊ दिवसांनी. वर्ष गेलं माझं. त्यानंतर पुढच्या मुक्कामी एका पोस्टमास्तरांकडे मी स्टॅम्प घ्यायला गेले असताना हे बोलणं निघालं तर ते म्हणाले, ताई, लॉजचा पत्ता कशाला देता, आमच्या पोस्टाचाच द्या ना, आम्ही ठेवतो, तुम्ही येऊन घेऊन जा. मला तोवर असं काही असतं हेच माहीत नव्हतं. आणि आजही बऱ्याच जणांना माहीत नाही, म्हणून एवढं सगळं लिहितेय.

आधी एक गोंधळ दूर करू. पोस्टात पत्र थांबून राहतं ते दोन प्रकारे. एक म्हणजे आपण मुद्दामच पत्ता पोस्टाचा दिलाय, त्याला पोस्ट रेस्टांट म्हणतात, मूळ फ्रेंच शब्द आहे, अर्थ साधा, थांबून राहिलेलं टपाल. दुसरं म्हणजे पत्ता घराचाच होता पण पोस्टमन आला तेव्हा दाराला कुलूप होतं, मग ते पाकीट परत पोस्टात जाऊन पडतं, त्याला पोस्टातली माणसं 'डिपॉझिटला आहे' म्हणतात. दोन्हीत शेवटी आपण खिडकीवर जाऊन सही करून घ्यायचं असतं, पण तयारी वेगवेगळी लागते. तिसरा प्रकार पोस्ट बॉक्सचा, पोस्टातला आपल्या नंबरचा कप्पा, त्याचं भाडं असतं, तो दुकानदार, संस्था, मासिकं चालवणारे यांच्या कामाचा, आपल्यासारख्या चार पत्रांच्या माणसाला त्याची गरज नाही, म्हणून त्यात जात नाही.

पोस्ट रेस्टांटने पत्र मागवायचं असेल तर

सगळ्यात पहिलं काम म्हणजे योग्य पोस्ट निवडणं, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. आपल्या घराजवळ जे छोटं पोस्ट दिसतं तिथून टपाल वाटलं जात असेलच असं नाही. काही पोस्टं डिलिव्हरीची असतात, काही बिनडिलिव्हरीची, म्हणजे तिथे बचत खातं, मनीऑर्डर, स्पीड पोस्ट बुकिंग सगळं होतं पण त्या पोस्टाला स्वतःचा पोस्टमनच नसतो, टपाल दुसऱ्याच पोस्टात उतरतं. इंडिया पोस्टच्या वेबसाईटवर पिनकोड शोधायची सोय आहे, तिथे प्रत्येक पोस्टाच्या नावापुढे डिलिव्हरी की नॉन-डिलिव्हरी ते लिहिलेलं असतं, ते बघा. शंका असेल तर सरळ त्या शहराचं हेड पोस्ट ऑफिस धरा, किंवा मुंबई-पुणे-नागपूरसारखं असेल तर जीपीओ, म्हणजे जनरल पोस्ट ऑफिस. मी कायम हेडच धरायचे, कारण छोट्या पोस्टात पोस्ट रेस्टांट हा शब्द ऐकलेलाच नाही असा क्लार्क भेटण्याची शक्यता जास्त, आणि हेडमध्ये कुणीतरी एक जुना माणूस असतोच ज्याला माहीत असतं.

मुंबईचं जीपीओ तर यासाठी एकदा तरी आत जाऊन बघावं असं आहे. सीएसएमटी स्टेशनला लागूनच आहे, १९१३ साली पूर्ण झालेली इमारत, जॉन बेग नावाच्या आर्किटेक्टची, विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला घुमट आहे तिला. त्या घुमटाखाली गोल फिरत खिडक्या आहेत. पहिल्यांदा गेलं की कुठली खिडकी आपली तेच कळत नाही, तर लाजायचं नाही, जो पहिला कर्मचारी दिसेल त्याला विचारायचं.

पिनकोडचं महत्त्व वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगतेच. १५ ऑगस्ट १९७२ ला ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली आणि ती आणणारा माणूस आपला मराठी, श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. एकाच नावाची गावं देशभर, पत्ते लिहायच्या भाषा आणि लिप्या दहा, म्हणून हे काढलं. पोस्ट रेस्टांटमध्ये तर घर नंबर नाही, गल्ली नाही, पोस्टाचं नाव आणि पिन एवढंच असतं, त्यामुळे पिनचा एक आकडा चुकला की पाकीट भलत्याच जिल्ह्यात जाऊन थांबतं आणि तुम्ही इथे खिडकीवर रोज चकरा मारता.

दुसरं काम, पत्र मागवायच्या आधी त्या पोस्टात एकदा जाऊन या. हे कुठल्या नियमात नाही, माझ्या अनुभवातून सांगतेय. पोस्टमास्तरांना किंवा डिलिव्हरी बघणाऱ्या क्लार्कला भेटायचं, सांगायचं की मी अमुक कामासाठी इथे महिनाभर आहे, माझी दोन पत्रं पोस्ट रेस्टांटने येतील, तुम्ही कुठल्या खिडकीवर ठेवता, किती दिवस ठेवता आणि कुठल्या वेळेला येऊ. एका कागदावर आपलं नाव, मोबाईल नंबर लिहून द्यायचा. तो कागद तो माणूस काचेखाली नाहीतर रजिस्टरमध्ये ठेवतो. एवढ्याने फरक पडतो, कारण पोस्ट रेस्टांट लिहिलेलं पाकीट आलं आणि कुणाला काही माहीत नसेल तर एखादा नवा माणूस 'पत्ता अपुरा' असा शेरा मारून परत पाठवू शकतो. माझं एक असंच गेलं होतं, एका तालुक्याच्या गावातून, मी त्याच पोस्टापासून दोनशे मीटरवर राहत होते तेव्हा.

तिसरं, पत्ता. पाठवणाऱ्याला तोंडी सांगू नका, लिहून पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवा, म्हणजे तो तसाच उतरवेल. समजा रत्नागिरीला मागवायचंय तर असं:

तुमचं पूर्ण नाव (ओळखपत्रावर आहे अगदी तसं)
पोस्ट रेस्टांट
हेड पोस्ट ऑफिस
रत्नागिरी ४१५६१२
मोबाईल नंबर

बस. लॉजचं नाव, 'बस स्टँडसमोर', 'केअर ऑफ अमुक' असलं काही मध्ये घालायचं नाही, नाहीतर पोस्टमन प्रामाणिकपणे ते पाकीट घेऊन त्या लॉजवर जातो आणि आपण जिथून सुटलो तिथेच परत येतो. पोस्ट रेस्टांट हे शब्द रोमन लिपीत, ठळक, खाली रेघ मारून लिहायला सांगा, महाराष्ट्राबाहेर तर नक्कीच, आणि परदेशातून कुणी पाठवत असेल तर आणखीच, कारण जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा फ्रेंच आहे आणि हा शब्द बहुतेक सगळ्या देशांच्या पोस्टात ओळखतात. पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता हवाच हवा, आपण वेळेत गेलो नाही तर ते परत कुठे जाणार याचा तो एकच आधार. तो नसेल तर पत्र जातं रिटर्न्ड लेटर ऑफिसमध्ये, तिथे ते उघडून आत काही पत्ता सापडतो का बघतात, आणि आपल्या घरचं पत्र तिथवर जाऊ नये असंच आपल्याला वाटतं ना.

नावाची भानगड, इथे थोडं थांबते

टोपणनाव, नुसती आद्याक्षरं, 'बाळू', 'ताई', असलं पोस्ट रेस्टांटला चालत नाही, ओळखपत्र दाखवूनच मिळतं आणि त्यावरचं नाव पाकिटावरच्या नावाशी जुळायला लागतं. आता आपल्याकडे बायकांची अडचण अशी की आधारवर सासरचं नाव आणि पत्र पाठवताना आईचा हात आपोआप माहेरचं नाव लिहितो. माझ्या आईने तीन वेळा तसंच लिहिलं. एकदा खिडकीवरच्या माणसाने पाकीट मला लांबून दाखवलं पण दिलं नाही, आणि तो बरोबरच होता, उद्या कुणीही येऊन माझं पत्र घेऊन गेलं असतं तर? शेवटी विवाह नोंदणीच्या दाखल्याची झेरॉक्स दाखवली, जुन्या नावाचं पॅन कार्ड होतं ते दाखवलं, मग मिळालं. तेव्हापासून मी दोन्ही नावांचा पुरावा एका प्लास्टिकच्या फाईलमध्ये कायम बरोबर ठेवायचे. सरकारी, बँकेची, कॉलेजची पत्रं कुठल्या नावाने येणार ते आधी आठवून बघा, जिथे जुनं नाव नोंदलेलं आहे तिथून जुन्याच नावाने येणार.

आणि नावाच्या क्रमाचं. साधी पत्रं खिडकीमागे कप्प्यांत किंवा एका गठ्ठ्यात लावलेली असतात, काही ठिकाणी आडनावाने, काही ठिकाणी पहिल्या नावाने, काही ठिकाणी नुसती आली तशी. आपलं नाव, वडलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव अशा तीन भागांचं, त्यामुळे पाकीट तिन्हीपैकी कुठल्याही अक्षराखाली जाऊ शकतं. क्लार्क म्हणाला 'काही नाही आलं' तर चिडायचं नाही, नम्रपणे म्हणायचं की दादा, जरा पहिल्या नावाच्या अक्षराखाली पण बघता का. मला दोनदा असंच मिळालंय. आडनावाखाली रेघ मारायला सांगितली तर हा त्रास बराच कमी होतो.

साधं पत्र की स्पीड पोस्ट

कामाचं काही असेल तर स्पीड पोस्टच. साध्या पत्राचा माग लागत नाही, ते निघालं का, पोचलं का, परत गेलं का, काहीच कळत नाही, आणि पोस्ट रेस्टांटमध्ये तर पोस्टमन येऊन हाकही मारणार नसतो. स्पीड पोस्टच्या पावतीवर तेरा खुणांचा नंबर असतो, पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी आयएन, त्याचा फोटो पाठवणाऱ्याकडून लगेच मागून घ्या. नंबर असला की खिडकीवरचा माणूस नाव शोधत बसत नाही, नंबर टाकतो आणि सांगतो.

जुन्या लोकांना 'रजिस्टर एडी कर' म्हणायची सवय आहे, म्हणजे नोंदणी करून, पोच परत येईल असं पाठव, तर ते बदललंय हे त्यांना सांगा. २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, ते स्पीड पोस्टमध्येच विलीन केलंय. आता स्पीड पोस्ट करतानाच काउंटरवर रजिस्ट्रेशन हवंय म्हणून सांगायचं, १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या दरांत त्याचे ५ रुपये आणि वर जीएसटी, मग ते पाकीट ज्याचं नाव आहे त्याच्याच किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या माणसाच्याच हातात देतात. ओटीपी डिलिव्हरी पण तशीच, तिचेही ५ रुपये वेगळे. ओटीपीवालं मागवलंत तर पाकिटावर जो मोबाईल नंबर दिलाय तोच सिम त्या दिवशी खिशात चालू हवा, घाटात, खोऱ्यात काम असणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्या. ५० ग्रॅमपर्यंतचं पाकीट त्याच शहरात १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये अधिक जीएसटी असं पडतं. विद्यार्थ्यांना १० टक्के सूट ठेवलीय, पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांनी आयकार्ड दाखवून मागा.

एक मोठी गोष्ट राहू नये, हे सगळं फक्त पोस्टाने येणाऱ्या टपालासाठी. खाजगी कुरिअरवाला पोस्टाच्या खिडकीवर पार्सल देऊ शकत नाही आणि पोस्ट ते घेणारही नाही. ऑनलाईन वस्तू मागवताना पोस्ट रेस्टांटचा पत्ता टाकला आणि त्या कंपनीने कुरिअरने पाठवलं तर ती वस्तू फिरून परत जाणार. आधी विचारा, पोस्टाने पाठवता का म्हणून.

घेऊन यायला कधी जायचं

सकाळी टपालाची बॅग येते, सॉर्टिंग होतं, मग प्रत्येक पोस्टमन आपापल्या बीटचं, म्हणजे ठरवून दिलेल्या भागाचं, टपाल लावून घेतो आणि बाहेर पडतो. पोस्ट रेस्टांटचं पाकीट आतच राहतं, त्यामुळे तुम्ही सॉर्टिंग झाल्यावर कधीही जाऊ शकता, पण घाईच्या वेळी, म्हणजे सगळे पोस्टमन निघायच्या तयारीत असताना खिडकीवर जाऊन 'माझं बघा ना आधी' करू नका. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्या आजी-आजोबांची गर्दी असते, तेव्हाही वेळ काढून जा. मूळ ओळखपत्र न्यायचं, फोनमधला फोटो काही ठिकाणी चालतो काही ठिकाणी नाही, आणि एक झेरॉक्स. आधार, मतदार ओळखपत्र, लायसन्स, पॅन, पासपोर्ट यातलं काहीही, फक्त फोटो ओळखू येईल असा हवा, माझ्या आधारवरचा फोटो बघून मला दोन वेळा लायसन्स पण दाखवायला लावलंय.

स्वतः जाता येत नसेल तर अधिकारपत्र द्या. साध्या कागदावर, पोस्टमास्तर, अमुक पोस्ट यांना उद्देशून, मी अमुक, माझ्या नावे आलेलं स्पीड पोस्ट नंबर अमुक हे अमुक व्यक्तीला द्यावं, तिची सही खाली आहे, अशी तिची नमुना सही, आपली सही, तारीख, दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स. माणूस स्वतःचं मूळ ओळखपत्र घेऊन जाईल. देतीलच याची खात्री मी देणार नाही, पोस्टमास्तरांना शंका आली तर ते नाही म्हणू शकतात, म्हणून शक्यतो आधी फोन करून विचारून घ्या.

आता दुसरा प्रकार, दाराला कुलूप होतं तेव्हा

हा तर घरोघरचा. दोघंही नोकरीला, मुलं शाळेत, पोस्टमन येतो अकरा-बाराला आणि शेरा मारून जातो. ट्रॅकिंगमध्ये दिसतं 'डोअर लॉक्ड, इंटिमेशन सर्व्ह्ड' किंवा 'अ‍ॅड्रेसी नॉट अव्हेलेबल'. इंटिमेशन म्हणजे सूचना चिठ्ठी, दारात टाकलेली असते, पावसात भिजते, मुलं होडी करतात, म्हणून चिठ्ठीवर विसंबू नका, नंबर असेल तर रोज रात्री ट्रॅक करा. त्या दिवसापासून सात दिवस ते पाकीट पोस्टात डिपॉझिटला राहतं आणि मग 'अनक्लेम्ड' शेऱ्याने परत. सात म्हणजे मधला रविवार आणि सुट्ट्या धरून तुमच्या हातात चार-पाचच कामाचे दिवस असतात, दिवाळीच्या आठवड्यात तर त्याहून कमी. शनिवारी बहुतेक पोस्टं उघडी असतात, नोकरदारांनी तोच दिवस धरावा.

कुठल्या पोस्टात जायचं? पिनकोडच्या डिलिव्हरीच्या पोस्टात, वर सांगितलं तेच. फक्त मोठ्या शहरांत आता पार्सलं आणि काही ठिकाणी सगळीच डिलिव्हरी वेगळ्या डिलिव्हरी सेंटरमधून होते, तेव्हा ट्रॅकिंगमध्ये शेवटच्या ओळीत ज्या ऑफिसचं नाव आहे तिथेच जा, नेहमीच्या पोस्टात जाऊन भांडण्यात अर्थ नसतो, त्यांच्याकडे ते पाकीट आलेलंच नसतं. आणि वेळ, हे फार कुणी सांगत नाही. डिपॉझिटचं पाकीट पोस्टमन पुन्हा एकदा बीटवर घेऊन गेलेला असू शकतो. त्यामुळे एकतर सकाळी तो निघायच्या आधी पोचा नाहीतर दुपारी तो परत आल्यावर, मधल्या वेळेत गेलात तर 'पोस्टमनकडे आहे' एवढंच उत्तर मिळेल. आपल्या बीटचा पोस्टमन कोण ते माहीत करून घ्या, त्याचा नंबर सेव्ह करा. आमच्या पोस्टमन काकांना मी आदल्या दिवशी मेसेज टाकते की काका, उद्या नाहीये, पोस्टातच ठेवा, मी परवा सकाळी नऊला येते. अकरा वर्षांच्या फिरतीनंतर पुण्यात स्थिर झाले तेव्हा पहिली ओळख मी त्यांच्याशीच करून घेतली.

खिडकीवर जाऊन घेण्याला पोस्टात 'विंडो डिलिव्हरी' म्हणतात, हा शब्द वापरलात की समोरच्याला पटकन कळतं.

नोटीस आली असेल तर टाळू नका

हे मी हात जोडून सांगते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने कोर्टाच्या वकिलाचं पाकीट आहे असं कळल्यावर मुद्दाम सात दिवस पोस्टात जायचं टाळलं, वाटलं घेतलंच नाही तर नोटीस मिळालीच नाही. तसं होत नाही. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम २७ प्रमाणे बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच धरलं जातं, नाही पोचलं हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. चेक बाऊन्सच्या नोटिशीबद्दल सुप्रीम कोर्टाने २००७ साली हेच सांगितलंय. तिथे नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरून सुटायची संधी असते, पाकीट न घेता आपण तीच संधी घालवून बसतो. घ्या, उघडा, तारीख लिहा, पाकीट जपून ठेवा कारण त्यावरच्या शिक्क्याची तारीख पुढे कामाला येते.

कोकणातल्या बंद घरांचं तर फारच वाईट वाटतं मला. माणसं मुंबईत, घर गावी, गणपतीला आणि शिमग्याला उघडणार, आणि जमिनीच्या फेरफाराची नोटीस त्या बंद दाराला येते. हरकत घ्यायला १५ दिवस. पोस्टमन तरी काय करणार, शेरा मारून पाठवतो. इथे पत्र थांबवून ठेवणं हा इलाजच नाही कारण थांबण्याची मुदत दिवसांत मोजतात आणि आपण येणार महिन्यांनी. इथे दोन कामं करा, एक, तलाठी कार्यालयात आणि जिथे जिथे केस चालू आहे तिथे मुंबईचा पत्ता लेखी द्या, पोच घ्या. दोन, गावच्या पोस्टात लेखी अर्ज द्या की माझ्या नावचं टपाल या पत्त्यावर रिडायरेक्ट करा. गावचं पोस्ट ब्रँच ऑफिस असतं, दिवसातले काही तासच उघडं, ब्रँच पोस्टमास्तर गावातलेच, त्यांना तुमचं घर, तुमची चुलती, सगळं माहीत असतं, पण तोंडी सांगून सोडू नका, माणूस बदलला की तोंडी सांगितलेलं जातं. अर्ज किती दिवस चालेल ते विचारून तारीख कॅलेंडरवर टाका आणि संपायच्या आधी नवीन द्या.

काही पाकिटं मात्र रिडायरेक्ट किंवा पोस्ट रेस्टांट कशालाच लावू नका. पासपोर्ट स्पीड पोस्टने येतो, पोस्टमन ओळख पटवून अर्जदाराच्याच हातात देतो, नाही मिळाला तर परत पासपोर्ट ऑफिसला जातो आणि मग तिकडे खेटे. बँकेचं एटीएम कार्ड तसंच. लायसन्स आणि गाडीचं आरसी आरटीओकडून स्पीड पोस्टनेच येतं, परत गेलं की आरटीओत जाऊन सोडवायला अर्धा दिवस जातो. यांच्यासाठी पाठवल्याचा मेसेज आला की पोस्टमनला गाठा आणि घरी कुणीतरी थांबा, किंवा डिपॉझिटला पडलं रे पडलं की दुसऱ्याच दिवशी ओळखपत्र घेऊन खिडकीवर.

पाकीट सापडतच नसेल तर आधी पोस्टमास्तर, लेखी अर्ज, नंबरसकट. मग १८०० २६६ ६८६८ हा इंडिया पोस्टचा टोल फ्री नंबर, तिथे तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. काउंटरवर आवाज चढवून मला तरी कधी काही मिळालेलं नाही, अर्जाने मिळालंय.

परदेशातल्या आपल्या मंडळींसाठी थोडक्यात. अमेरिकेत पोस्ट रेस्टांटला जनरल डिलिव्हरी म्हणतात, नाव, त्याखाली जनरल डिलिव्हरी, गाव, राज्य आणि झिप म्हणजे तिथला पिनकोड, तिथे महिनोन्महिने जंगलातून चालणारे ट्रेकर गावोगावच्या पोस्टात स्वतःलाच खाण्याचे डबे असे पाठवून ठेवतात. आणि डिसेंबरात भारतात येणार असाल तर घरचं टपाल थांबवायची वेगळी सोय आहे, होल्ड मेल, ऑनलाईन सांगता येतं, कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० दिवस. सहा आठवडे येणार असाल तर ती पुरत नाही, फॉरवर्डिंग करावं लागतं, हे माझ्या नणंदेने एकदा सोसलंय, परत गेली तेव्हा पेटीत मावेना म्हणून सगळं परत गेलं होतं. ब्रिटनमध्ये पोस्ट रेस्टांट हेच नाव, देशातलं टपाल दोन आठवडे आणि बाहेरून आलेलं महिनाभर ठेवतात, फोटो ओळखपत्र लागतं.

आता गाव सोडतानाचं, कारण हे मी सुरुवातीला विसरायचे. मुक्काम हलवायच्या आठवडाभर आधी पाठवणाऱ्या सगळ्यांना सांगायचं की आता इथे काही टाकू नका, पुढचा पत्ता हा. जे वाटेत असेल त्याचा नंबर काढून ठेवायचा. शेवटच्या दिवशी सकाळी पोस्टात जायचं, आलेलं घ्यायचं, आणि क्लार्ककडे एक कागद द्यायचा, माझ्या नावे यापुढे काही आलं तर अमुक हेड पोस्ट ऑफिस, पोस्ट रेस्टांट, अमुक पिन, इथे पाठवावं, खाली सही, तारीख, मोबाईल. सुरुवातीला दिलेला काचेखालचा जुना कागद काढून हा नवा तिथे ठेवायला सांगायचा, आणि मग एसटी पकडायची.